मलायातली केळ्यांची नोट : लोकांना नेमकं बुडवलं कुणी?

जुनाकागद

दुसऱ्या महायुद्धात जपानने मलायात, म्हणजे आजच्या मलेशिया-सिंगापुरात, चालवलेली १० डॉलरची नोट नुकतीच माझ्याकडे आली. संग्राहकांना ती काही दुर्मीळ नाही, ढिगाने मिळते. तरी हातात धरल्यावर दोन-तीन गोष्टी डोक्यातून जात नाहीयेत, म्हणून हा धागा.

आधी नोटेचं वर्णन. रंग निळसर-हिरवट. उजवीकडे झाडांची दाटी आणि त्यात लगडलेले केळीचे घड. मागच्या बाजूला समुद्र, क्षितिजावर एक जहाज. वर इंग्रजीत 'जपान सरकार', त्याखाली धारकाला मागणी करताच १० डॉलर देण्याचं वचन. तळाशी जपानी लिपीत 'महान जपान साम्राज्याचं सरकार' आणि अर्थमंत्र्यांचा चौकोनी शिक्का.

आता काय नाही ते बघा. देशाचं नाव नाही. मलाया, सिंगापूर, बोर्निओ, काहीच नाही. तारीख नाही. सही नाही. राजाचा, सेनापतीचा, कुणाचाच चेहरा नाही. आणि माझ्या नोटेवर अनुक्रमांकसुद्धा नाही, फक्त 'एम'ने सुरू होणारी अक्षरं. त्यातला एम म्हणजे मलाया, एवढाच काय तो पत्ता.

माझं मत असं, की द्यायचं नव्हतंच म्हणून कुणाचं नाव घातलं नाही. किती नोटा छापल्या हे मोजायचं नव्हतं म्हणून नंबर घातला नाही. हेतू नोटेवरच दिसतो.

पण मग दुसरा प्रश्न येतो. सप्टेंबर १९४५ मध्ये इंग्रज परत आले आणि त्यांच्या लष्करी प्रशासनाने ही नोट चलन म्हणून मानायला साफ नकार दिला. बदलून नाही, अर्ध्या भावाने नाही, काहीच नाही. साडेतीन वर्षं पगार, भाडं, धान्य सगळं याच कागदावर चाललं होतं. मग लोकांना बुडवलं कुणी? छापणाऱ्याने की रद्द करणाऱ्याने?

रावेरची_केळी

घड बरा काढलाय. पण एका झाडाला एवढे घड? आमच्याकडे असं पीक आलं तर मी पण स्वतःची नोट छापीन. :ड

पेठेतला_पक्या

जळगाव जिल्हा सहकारी चलन. 'धारकास मागणी करताच १० डझन अदा करण्याचे वचन देतो.'

रावेरची_केळी

पक्याभाऊ, घाऊक बाजारात केळी क्विंटलवर जाते, डझनावर नाही. नोट छापायच्या आधी बाजारात जाऊन या.

सेरंगूनरोड

इथे सिंगापुरात जुन्या पिढीतल्या कुणालाही विचारा, 'बनाना मनी' म्हटलं की चेहरा बदलतो. मलय लोक 'दुइत पिसांग' म्हणतात, अर्थ तोच. १० ची नोट सगळ्यात जास्त फिरायची, म्हणून तिच्यावरच्या केळ्यांचं नाव सगळ्या मालिकेला चिकटलं.

बाकीच्या नोटांवर केळी नाहीत हे मात्र अनेकांना माहीत नसतं. १ डॉलरवर नीरफणस आणि माड, ५ वर माड आणि पपई. ५० सेंटवर पंख्यासारखी पानं पसरलेलं ते प्रवासी-ताडाचं झाड. १०० वर ताडमाडाखाली झोपड्या आणि मागे पाण्यात म्हशी घेऊन उभा माणूस. उशिरा आलेल्या दुसऱ्या १०० च्या नोटेवर रबराच्या मळ्यातले कामगार. सगळ्यात मोठी १००० ची, तिच्यावर बैलगाडी. म्हणजे सगळी फळबाग आणि गावकुस. लढाईचं चिन्ह कुठेही नाही.

बुकित तिमाहला जुना फोर्डचा कारखाना आहे, जिथे १५ फेब्रुवारी १९४२ ला इंग्रज सेनापती पर्सिव्हलने जपानी सेनापती यामाशिताकडे शरणागती पत्करली. आता तिथे संग्रहालय आहे. इकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेतो. बहुतेकांना त्याआधी खरेदीला जायचं असतं, हा भाग वेगळा.

नीरजा_द

सुंदर धागा. वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न. देशाचं नाव का नसेल? जिंकल्यावर तर माणूस आधी नाव कोरतो ना?

जुनाकागद

नीरजाताई, मला तरी वाटतं की हे ठसे घाईत आणि आधीच तयार झाले. लढाईला तोंड फुटलं डिसेंबर १९४१ मध्ये आणि फौजेबरोबरच नोटा आल्या. कुठला प्रदेश किती हाती लागेल हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून साचा एकच, फक्त भाषा आणि नाणं बदलायचं, आणि ओळखीला एक अक्षर. मलायाला एम, ब्रह्मदेशाला बी, फिलिपिन्सला पी, ओशनियाला ओ, डच इंडीजला (आजचा इंडोनेशिया) एस. मलायात डॉलर आणि इंग्रजी. डच इंडीजला गिल्डर आणि चक्क डच भाषा! 'आशिया आशियाई लोकांसाठी' म्हणायचं आणि नोट छापायची डचांच्या भाषेत. तिथे इंडोनेशियाई मजकुराच्या नोटा पुढे १९४४ च्या सुमाराला आल्या.

उलटा_प्यादा

जुनाकागद, लेख छान पण निष्कर्ष एकतर्फी. मलायाच्या आधीच्या नोटेवर तरी मलायी माणूस होता का? इंग्लंडच्या राजाचा, सहाव्या जॉर्जचा चेहरा होता. तीही परक्याचीच नोट. एका साहेबाने दुसऱ्या साहेबाचा कागद फाडला, एवढंच झालं. त्यात जपानीच तेवढे लुटारू आणि इंग्रज सावकार पांढरेशुभ्र, हे मला पटत नाही.

अर्थाअर्थी

प्यादेराव, थांबा जरा. चेहरा कुणाचा हा प्रश्न वेगळा आणि नोटेच्या मागे काय आहे हा वेगळा. मलायाच्या डॉलरमागे लंडनमध्ये ठेवलेली स्टर्लिंगची, म्हणजे पौंडांची, गंगाजळी होती. वसाहतीची नोट असली तरी तेवढा माल कुठेतरी होता. केळ्यांच्या नोटेमागे छापखाना होता. बस.

यंत्रणा कशी चालली ते समजून घेण्यासारखं आहे. सुरुवातीला ही नोट जुन्या डॉलरच्या बरोबरीने चालेल असं जाहीर केलं. लोक काही मूर्ख नव्हते, त्यांनी जॉर्जच्या नोटा गाडग्या-मडक्यात, गाद्यांत दडवल्या आणि नवा कागद आधी खर्चून टाकायला लागले. चांगला पैसा घरात, वाईट पैसा बाजारात.

दडलेला चांगला पैसा बाहेर काढायला जपान्यांनी काय केलं? १९४२ मध्ये मलाया आणि सिंगापूरच्या चिनी समाजाकडून ५ कोटी डॉलरची 'भेट' मागितली. भेट! जमा झाले २ कोटी ८० लाखांच्या आसपास. मग उरलेल्या रकमेसाठी त्याच चिनी समाजाला जपानच्या योकोहामा स्पेशी बँकेकडून कर्ज घ्यायला लावलं. ज्याला द्यायचे त्याच्याकडूनच उसने घेऊन त्यालाच द्यायचे, वर व्याज. आमच्या गावच्या सावकारालाही हे सुचलं नसतं.

नोटा काढण्याचं काम पुढे 'दक्षिण विकास बँके'कडे दिलं. ही बँक १९४२ मध्येच टोकियोने काढली होती. तिच्या नावात 'विकास' होता, कामात फौजेचा खर्च. फौजेला तांदूळ हवा, छापा. लष्कराला रबर, कथील हवं, छापा. त्यात जहाजं बुडत होती, बाहेरून माल येत नव्हता. माल घटतोय आणि कागद वाढतोय म्हटल्यावर दुसरं काय होणार? १९४१ च्या अखेरीला पिकुलभर, म्हणजे साधारण ६० किलो, तांदूळ पाचएक डॉलरला होता. १९४५ उजाडल्यावर तो हजारांत मोजावा लागत होता.

वाढलेला कागद शोषून घ्यायला सोडत पण काढली, 'कोनान साइकेन'. एक डॉलरचं तिकीट. बक्षीसही अर्थात केळ्यांतच.

पेठेतला_पक्या

म्हणजे पहिलं बक्षीस घरी न्यायला हातगाडी लागत असणार.

अर्थाअर्थी

गंमत नाही पक्या. शेवटी शेवटी लोक नोटा मोजत नव्हते, गठ्ठे मोजत होते.

सेरंगूनरोड

त्यात खोट्या नोटांचा सुळसुळाट. आधीच्या नोटांना अनुक्रमांक होता, कागद बरा होता. पुढे नंबर गेला, नुसती अक्षरं उरली, कागद आणि छपाई दोन्ही घसरत गेले. ज्या नोटेला नंबर नाही तिची नक्कल करायला असं कितीसं कौशल्य लागतं? खऱ्या-खोट्यातला फरक सांगणं दुकानदाराला अवघड झालं, आणि घ्यायला नकार द्यावा तर केंपेताई, म्हणजे जपानी लष्करी पोलीस, दारात. केंपेताईचं नाव काढलं की म्हातारी माणसं आजही आवाज खाली करतात.

नाशिकरोडचा_नंदू

धाग्यात आमच्या गावाचा संबंध आहे म्हणून लॉगिन केलं. कितीतरी महिने नुसता वाचनमात्र होतो.

ब्रह्मदेश १९३७ मध्ये हिंदुस्थानपासून वेगळा झाला, तरी तिथल्या नोटांचं काम आपली रिझर्व्ह बँकच बघत होती. जपान्यांनी १९४२ मध्ये तिथे स्वतःचे रुपये आणले, त्यांच्या ५ रुपयांवर बगानचं आनंद मंदिर आहे. आणि त्या मालिकेतला एक गमतीशीर तपशील म्हणजे रुपयाखाली आणे नाहीत, सेंट आहेत. १, ५ आणि १० सेंट, मग पाव रुपया, अर्धा रुपया. रुपयाचे शंभर भाग! आपल्याकडे दशमान पद्धत आली १९५७ मध्ये.

आता नाशिकचा भाग. इंग्रज ब्रह्मदेश परत घेत निघाले तेव्हा त्यांनाही नोटा लागणार होत्या. त्यांनी नवी नोट काढलीच नाही. रिझर्व्ह बँकेच्या सहाव्या जॉर्जवाल्या नोटांवर लाल अक्षरांत जादा मजकूर छापला, 'ब्रह्मदेशचं लष्करी प्रशासन, फक्त ब्रह्मदेशातच कायदेशीर चलन'. आणि रिझर्व्ह बँकेच्या नोटा तेव्हा छापल्या जायच्या आमच्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. तिथे १९२८ मध्ये नोटा छापायला सुरुवात झाली होती.

आमच्या घरातली दोन माणसं प्रेसमध्ये होती. तिथल्या गप्पा घरी करायच्या नाहीत असा दंडक, त्यामुळे मला घरून काडीची माहिती मिळाली नाही. जे वर लिहिलंय ते संग्राहकांकडून शिकलेलं.

नीरजा_द

नंदू, स्वागत! वाचनमात्र राहू नका हो, लिहीत जा.

जुनाकागद

नंदू, फार छान भर. त्या लाल छापामुळे एक सोय होती. समजा ब्रह्मदेश पुन्हा हातचा गेला आणि नोटांचे पेटारे शत्रूला मिळाले, तरी हिंदुस्थानात त्या चालणार नाहीत. म्हणजे इंग्रजांनी नोटेवर प्रदेशाचं नाव ठळक घातलं ते स्वतःच्या बचावासाठी. जपान्यांनी नाव घातलंच नाही.

उलटा_प्यादा

बघा, म्हणजे इंग्रजांनीही लष्करी नोट काढलीच! मग अमेरिकेने इटलीत काय केलं? तिथेही हाच खेळ.

सातारी_बटालियन

इटलीचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमचे पणजोबा मराठा पलटणीत, इटलीच्या मोहिमेत होते. यशवंत घाडगे, नामदेव जाधव या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीतच. घाडगे १९४४ च्या जुलैत तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. जाधवांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी पराक्रम गाजवला.

तिकडे चालायची ती 'एएम-लिरा', म्हणजे मित्रराष्ट्रांची लष्करी लिरा. १९४३ मध्ये सिसिलीत फौजा उतरल्या त्याबरोबर ही उतरली. ठरवलेला दर डॉलरला १०० लिरा, पौंडाला ४००. छापली बॉस्टनच्या फोर्ब्स लिथोग्राफने. मागे इंग्रजीत चार स्वातंत्र्यं छापलेली. बोलण्याचं, धर्माचं, आणि अभाव व भीती यांपासून सुटका. इटलीतल्या शेतकऱ्याला इंग्रजी कुठून येणार, ते सोडा. पणजोबांच्या पेटीत एक होती, चौकोनी आणि छोटी. घरातल्या कुणीतरी ती पत्त्यांच्या कॅटमधली समजून फेकून दिली असं ऐकलंय.

आणि संग्राहकांसाठी एक खूण. फोर्ब्सने नक्षीत कुठेतरी बारीकसा 'एफ' दडवलेला असतो. शोधा.

अर्थाअर्थी

प्यादेराव, एएम-लिरा काढणाऱ्यांनी भाववाढ केली हे मी नाकारत नाही. इटलीत बेसुमार झाली. पण ती लिरा युद्धानंतर इटलीच्या चलनातच जिरली, कुणाच्या हातात रद्दी होऊन राहिली नाही. फरक तिथे आहे. लष्करी नोट काढली हा गुन्हा नव्हेच, सगळ्यांनीच काढल्या. हिशेब कुणी पुरा केला आणि कुणी टाकून पळाला, हा मुद्दा.

उलटा_प्यादा

अगदी बरोबर, आणि म्हणूनच मी परत तिथेच येतो. मलायात हिशेब कुणी टाकला? १९४५ च्या सप्टेंबरात इंग्रजांकडे नव्या नोटा तयार होत्या. १ जुलै १९४१ अशी तारीख असलेल्या, जॉर्जच्या चेहऱ्याच्या. युद्धात वाटल्या गेल्याच नव्हत्या, त्या आता बाहेर काढल्या. मग थोड्या तरी दराने केळ्यांची नोट बदलून द्यायला काय हरकत होती? माणशी ठरावीक रक्कम? गरिबाच्या हातात त्या दिवशी दुसरं काहीच नव्हतं. ज्याच्याकडे जमीन, सोनं, दडवलेले जॉर्ज होते तो तरला. हमालाचं काय?

अर्थाअर्थी

बदलून दिली असती तर पहिल्या रांगेत कोण उभे राहिले असते माहितीये? काळाबाजारवाले. आणि नंबर नसलेल्या, निम्म्या खोट्या असू शकणाऱ्या नोटा. किती बदलायच्या, कुणाच्या बदलायच्या? जपानच्या शरणागतीच्या आसपास तर आणखी गठ्ठे बाजारात आले होते.

उलटा_प्यादा

म्हणजे मोजता येत नाही म्हणून गरिबाला शून्य. ठीक आहे.

सेरंगूनरोड

दोघांचं भांडण छान चाललंय, त्यात हाँगकाँगचं उदाहरण टाकतो.

तिथे जपान्यांनी लष्करी येन लादला. आधी २ हाँगकाँग डॉलरला १ येन, मग १९४२ च्या जुलैपासून ४ डॉलरला १. जून १९४३ पासून डॉलर वापरणंच बेकायदा. लोकांचे डॉलर गेले, हातात येन आले, आणि १९४५ मध्ये येन शून्य.

पण त्याच शहरात दुसरी एक भानगड झाली. जपान्यांनी हाँगकाँग-शांघाय बँकेच्या कैदेतल्या अधिकाऱ्यांकडून जबरदस्तीने सह्या घेऊन बँकेच्याच न काढलेल्या नोटा चलनात आणल्या. जबरदस्तीच्या नोटा म्हणूनच त्या ओळखल्या जातात. आणि १९४६ मध्ये बँकेने आणि सरकारने मिळून त्या मान्य केल्या! म्हणजे इच्छा असली की मार्ग काढला जातो, प्यादेरावांच्या बाजूने एक गुण. पण त्या नोटांवर बँकेचं नाव होतं, सह्या होत्या, नंबर होते. हा जुनाकागद यांच्या बाजूने एक गुण. पंच म्हणून मी इथेच थांबतो, रात्रीचे दोन वाजलेत.

वकिली_बाणा

उशिरा आलो. कायद्याचं कुणी बोललंच नाही, म्हणून थोडं.

नोट रद्द झाली तरी त्या नोटेने केलेले व्यवहार रद्द होतात का, हा खरा किचकट प्रश्न. समजा १९३९ मध्ये मी चेट्टियार सावकाराकडून हजार डॉलर घेतले, खऱ्या डॉलरमध्ये. १९४५ च्या सुरुवातीला केळ्यांचे हजार डॉलर त्याच्या टेबलावर ठेवले आणि म्हणालो, फिटलं. तेवढ्यात तेव्हा धड आठवड्याचा बाजारही आला नसता. घ्यायला नाही म्हणायची सावकाराची टाप नव्हती. आता युद्ध संपल्यावर कर्ज फिटलं की नाही?

मलायात यावर १९४८ मध्ये ऋणको आणि धनको यांच्यासाठी खास कायदा करावा लागला, ताबाकाळापुरता. त्यात तक्ता जोडला होता. कुठल्या काळात केळ्यांच्या किती डॉलरची खऱ्या डॉलरमध्ये काय किंमत धरायची, त्याचा उतरता तक्ता. म्हणजे नोट शून्य ठरवणाऱ्या सरकारलाच मागाहून मान्य करावं लागलं की त्या त्या वेळी ती शून्य नव्हती.

फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी, १९४८ मध्ये, हॉ पिया विरुद्ध चायना बँकिंग कॉर्पोरेशन या खटल्यात सांगितलं की ताबा घेणाऱ्याला आंतरराष्ट्रीय कायद्याने असं चलन काढता येतं, आणि त्या चलनात फेडलेलं कर्ज फिटलं. तिथल्या बँकवाल्यांची झोप उडाली असणार.

तेव्हा माझ्या मते प्रश्न 'चलन की लूट' असा नाहीच. कायद्याच्या नजरेत ते चलनही होतं आणि लुटीचं हत्यारही होतं, एकाच वेळी.

जुनाकागद

वकीलसाहेब, हा तक्ता मला ठाऊक नव्हता. मग बुडाला तो, ज्याच्याकडे करारमदार काही नव्हता, फक्त रोख होती. कर्जदाराला आणि सावकाराला तक्ता मिळाला. उशीखाली गठ्ठा ठेवून झोपलेल्याला काहीच नाही.

उलटा_प्यादा

मी पहिल्यापासून हेच म्हणतोय!!

अर्थाअर्थी

पहिल्यापासून तुम्ही 'एका साहेबाने दुसऱ्या साहेबाचा कागद फाडला' म्हणत होतात. वर जाऊन वाचा.

भटका_जीव

आझाद हिंद फौजेचे पगार याच नोटांत व्हायचे का? आणि आझाद हिंद बँकेच्या नोटा नेटवर विकायला दिसतात, घेऊ का?

नाशिकरोडचा_नंदू

आझाद हिंद बँक एप्रिल १९४४ मध्ये रंगूनला सुरू झाली, ती मुख्यतः तिकडच्या हिंदी लोकांच्या देणग्यांवर. बाजारात मात्र जपानी रुपयेच चालायचे. नेटवर दिसणाऱ्या त्या चकचकीत नोटांपासून हात राखून रहा. नेताजींचं नाव पाहून माणूस हळवा होतो आणि खिसा सैल सोडतो, हे विकणाऱ्यांना बरोबर कळतं.

पेठेतला_पक्या

खोट्या नोटांवरून आठवलं. शत्रूने त्या छापल्या नाहीत? मी असतो तर आधी तेच केलं असतं.

जुनाकागद

छापल्या की. फिलिपिन्समधल्या गनिमी लढवय्यांना बाजारहाट करता यावा म्हणून अमेरिकेने जपानी पेसोंची हुबेहूब नक्कल करून पाठवली. अमेरिकी सेनापती मॅकआर्थरने मागणी केली होती. कागदसुद्धा जपानी झाडांच्या धाग्यांचा हवा म्हणून शोधाशोध झाली.

त्याहून मजेदार म्हणजे प्रचाराच्या नोटा. खऱ्या जपानी पेसोंवर मागे इंग्रजीत छापलं, 'सहसमृद्धीचा प्रदेश : किंमत किती?' जपानने आपल्या साम्राज्याला 'बृहत्तर पूर्व आशिया सहसमृद्धी क्षेत्र' असं भारदस्त नाव दिलं होतं, त्याची टिंगल. फिलिपिनो लोक त्या पेसोंना 'मिकी माऊस मनी' म्हणायचे, त्यामुळे टिंगल समजायला वेळ लागला नसणार.

वकिली_बाणा

आणि फिलिपिन्समध्ये नोटाधारकांची संघटना होती. पुढे साठच्या दशकात लोकांनी तिच्याकडे जुने जपानी पेसो जमा केले, त्यांवर संघटनेचे शिक्के मारले गेले, भरपाई मिळेल या आशेने. दमडी मिळाली नाही. हाँगकाँगवाले तर टोकियोच्या न्यायालयात गेले, १९९३ मध्ये. निकाल १९९९ मध्ये, दावा फेटाळला.

नीरजा_द

शिक्के मारलेल्या त्या नोटा आता संग्राहक घेतात का?

जुनाकागद

घेतात, त्यांचा वेगळा कप्पाच असतो. मलायाच्या मालिकेत सुरुवातीच्या, अनुक्रमांकवाल्या नोटांना जास्त भाव आहे, नंबर नसलेल्या सगळीकडे मिळतात. नव्याने छापलेल्या नकलाही भरपूर आहेत, विशेषतः पर्यटकांच्या बाजारात. कागद फार गुळगुळीत आणि कडा फार सरळ असल्या की सावध व्हा.

सेरंगूनरोड

हो, इथे चायनाटाउनमध्ये फ्रेम करून विकतात. 'आजोबांची शेवटची नोट' म्हणून. त्या आजोबांना एकाच नमुन्याच्या शेकडो नोटा होत्या म्हणे.

रावेरची_केळी

सगळा धागा वाचला, डोकं भणभणलं. त्या १००० च्या नोटेवर बैलगाडी आहे म्हणालात, तिचा फोटो कुणी टाकेल का? खिलार वाटतात का बघायचंय.

सेरंगूनरोड

रविवारी संग्रहालयात जातोय, काचेआडून जमेल तसा काढतो. खिलार असतील याची खात्री नाही.

भटका_जीव

शेवटचा प्रश्न. मी एक केळ्यांची नोट मागवली आहे. आली की लॅमिनेट करून ठेवू का?

जुनाकागद

नको!!! लॅमिनेशन अजिबात नको, पीव्हीसीची स्वस्त पाकिटंही नकोत, त्यांनी कागद चिकटतो आणि डाग पडतात. संग्राहकांच्या दुकानात मायलरची, म्हणजे पॉलिएस्टरची, पाकिटं मिळतात, त्यात ठेवा, उन्हापासून लांब.

पेठेतला_पक्या

आणि फ्रिजमध्येही नको. केळी काळी पडतात.